आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला पायी जायचंय, नुसतं बघायला. कोणी गेलंय का?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. मी घोडबंदर रोडला राहतो, वय ३६, आयटीत आहे, म्हणजे दिवसभर बसून. माझा मावसभाऊ सहा वर्षं हरारेला आहे. त्याच्या कंपनीचा एक मोठा क्लायंट सप्टेंबरमध्ये झांबेझी व्हॅलीत केप बफेलोच्या शिकारीला चाललाय, परमिट वगैरे सगळं रीतसर, आणि त्याच्यासोबत दोन जणांना ऑब्झर्व्हर म्हणून नेता येतं म्हणे, रोजचे वेगळे पैसे भरून. मावसभावाने माझं नाव दिलंय. बंदूक मी हातात धरणार नाही, धरायचीही नाही. पण हे सगळं पायी असतं म्हणतात, गाडीतून नाही, आणि जनावर समोर पन्नास-साठ पावलांवर असतं हे ऐकल्यापासून झोप उडालीये. आईला अजून सांगितलं नाही. बायको म्हणाली येऊरला माकडाने वेफर्सचं पाकीट ओढलं तेव्हा तू मला टाकून पळाला होतास, तू कुठे चाललास रेड्यासमोर.

तर प्रश्न असा की बघ्या माणसाला धोका नक्की किती, काय तयारी करायची, आणि आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे तर तिकडे नुसतं सोबत जाऊन इथे काही लफडं होतं का. प्लीज ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच सांगा, यूट्यूब मीपण बघितलंय.

माजिवडा_जंक्शन

रोज साडेनऊला माजिवडा नाक्यावर बाईक घालणाऱ्या माणसाला रेड्याची काय भीती? तो निदान एकाच दिशेने येतो 😄

खारघरचा_काका

अरे बाबा, मी अकरा वर्षं झिम्बाब्वेत काढली, बियाणांच्या धंद्यात होतो, आता रिटायर होऊन खारघरला सेक्टरमध्ये फेऱ्या मारतो. दोनदा गेलोय ऑब्झर्व्हर म्हणून, एकदा चेवोरे आणि एकदा दांदे, दोन्ही सफारी एरिया त्याच झांबेझी व्हॅलीतले. पहिलं म्हणजे तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ना, रेडा धावत येतोय आणि साहेब गुडघ्यावर बसून बार टाकतोय, ते काढून टाक. बहुतेक वेळ तू नुसता चालणार आहेस आणि शेण बघणार आहेस.

पहाटे साडेचारला उठवतात. अंधारात गाडीने पाणवठ्यापर्यंत जायचं, रात्री पाण्यावर कोण येऊन गेलं त्याचे माग बघायचे, ताजे आणि मोठ्या खुराचे मिळाले की गाडी तिथेच सोडून पायी. सगळ्यात पुढे ट्रॅकर, मग पीएच म्हणजे प्रोफेशनल हंटर, मग क्लायंट, मग सरकारी गेम स्काउट, आणि मग आपण शेपटीला. आमचा ट्रॅकर साठीचा, तिथल्या शोना जमातीचा माणूस, पायात टायरच्या चपला, हातात एक बारीक काठी, तिने मागाच्या कडेला टोचत टोचत चालायचा. शेणाचा पो दिसला की वाकून बोट खुपसायचा, वरून सुकला असेल पण आत ऊब असेल तर जनावर जवळ. एकदा मलाही खुपसायला लावलं, काही नाही, आपल्या गोठ्यातल्यासारखंच.

आणि वारा. सगळा खेळ वाऱ्याचा आहे. पीएचच्या हातात एक मोजा, त्यात राख, दर मिनिटाला झटकून बघणार राख कुठे जाते. चार तास माग काढला, उन्हाने डोकं शिजलं, रेडे समोरच्या झाडीत पाठमोरे बसलेत एवढं दिसलं आणि माझ्या मानेला मागून थंडगार झुळूक लागली. मला बरं वाटलं आणि पीएचने कपाळाला हात लावला. पुढच्या क्षणाला काटक्या मोडल्याचा आवाज, संपलं, परत गाडीकडे दोन तास. असं तीन दिवस.

झाडी बघून तुला घरच्यासारखं वाटेल. मोपानीचं पान डिट्टो आपट्याचं, दसऱ्याला वाटशील असं. गोरखचिंचा आहेत अवाढव्य, चिंच आहे, बोरीच्या जातीतलं एक काटेरी झाड आहे ज्याचा एक काटा सरळ आणि एक वाकडा, शर्ट अडकला की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. मोपानीच्या बारक्या माश्या डंख मारत नाहीत पण घामासाठी डोळ्यात नाकात शिरतात आणि तुला हात हलवून हाकलायची परवानगी नसते कारण हालचाल दिसते. त्सेत्से माशी मात्र चावते आणि जबरी चावते, निळ्या-काळ्या कपड्यावर धावून येते म्हणून जीन्स घरी ठेव. खाकी, मातकट, फिका हिरवा, बस.

आता धोक्याचं. दुसऱ्या वेळची गोष्ट सांगतो. क्लायंटने साठेक पावलांवरून, तिकाटण्यावर रायफल टेकवून बार टाकला. रेड्याने पाठ कमानीसारखी वाकवली आणि जेसमध्ये घुसला. जेस म्हणजे तिकडची दाट काटेरी जाळी, आत पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. मला वाटलं आता सगळे धावणार त्याच्यामागे. पीएचने घड्याळ बघितलं, झाडाला टेकून खाली बसला आणि सिगारेट पेटवली. पाऊण तास. कारण लगेच मागे गेलं तर जनावर पूर्ण ताकदीत असतं, वेळ दिला तर रक्त जातं, अंग आखडतं. मग ट्रॅकरने रक्ताचं एक पान उचललं, बोटांत चोळलं, वास घेतला, आणि पीएचकडे बघून मान हलवली. रक्त काळपट होतं आणि त्यात हिरवा चोथा. गुलाबी फेसाचं असतं तर गोळी फुप्फुसात, म्हणजे जनावर फार लांब जात नाही. हे पोटात होतं.

तिथे पीएचने मला आणि दुसऱ्या ऑब्झर्व्हरला स्काउटसोबत एका गोरखचिंचेपाशी बसवलं आणि सांगितलं की मी हाक मारेपर्यंत इथून उठायचं नाही, काही ऐकू आलं तरी. क्लायंटलाही मागेच ठेवलं होतं खरं तर, पण तो ऐकेना, म्हणाला माझा रेडा आहे. गेले तिघं आत.

तर मी जे "बघितलं" ते हे की काहीच बघितलं नाही. अर्धा तास नुसते होले घुमतायत. मग दोन बार एकापाठोपाठ, मग एक, मग एक लांबलचक हंबरडा जो मी अजून विसरलो नाही. ते लोक तो ऐकला की सुटलो म्हणतात, मरताना रेडा तसा हंबरतो. नंतर कळलं तो सरळ पुढे गेलाच नव्हता. आकडा काढून वळला होता आणि स्वतःच्या मागाच्या बाजूला, वाऱ्याच्या खाली येऊन उभा होता, ही माणसं मागावरून जाईपर्यंत थांबलेला. बाजूने आला. सात पावलांवर पडला, मी स्वतः मोजली. संध्याकाळी कॅम्पवर पीएच चहा ओतत होता तेव्हा कप बशीवर वाजत होता, आणि या माणसाचं सगळं आयुष्य यात गेलेलं.

म्हणून तू जनावर किती मोठं ते विचारू नकोस, विचार की क्लायंट नेम कसा मारतो. पहिली गोळी जागेवर लागली तर तुझी ही ट्रिप म्हणजे लांबची चाल आहे आणि संध्याकाळी शेकोटी. नाही लागली तर पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

नेमबाज_कळवा

काकांना सलाम, शेवटचं वाक्य शंभर टक्के. मी रायफल क्लबला शूटिंग करतो, टार्गेटच, प्राण्यावर कधी नाही, पण या विषयाचं वाचन भरपूर आहे म्हणून थोडं टेक्निकल.

मी जी .२२ ची (हा आकडा म्हणजे बोअर, नळीचा व्यास इंचात) गोळी मारतो तिचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. रेड्याला कमीत कमी .३७५ लागते, झिम्बाब्वेत अशा जनावरांसाठी कमीत कमी बोअर कायद्यानेच ठरवून दिलाय. .३७५ एच अँड एच ही १९१२ ची काडतूस आहे आणि अजूनही तीच सगळ्यात चालते, ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण १९ ग्रॅम. पीएचकडे त्याहून मोठी असते, .४५८ किंवा .४७० ची डबल. डबल म्हणजे दोन नळ्या दोन ट्रिगर, बोल्ट ओढत बसावं लागत नाही, दुसरा बार लगेच. काकांनी ऐकलेले पहिले दोन बार बहुतेक तेच.

आता क्लायंट लोक चुकतात का तर नेम वाईट असतो म्हणून नाही, हिसक्याला घाबरतात म्हणून. पैसे आहेत म्हणून मोठ्यातली मोठी रायफल घ्यायची, दुकानाच्या रेंजवर चार गोळ्या मारायच्या, खांदा निळा पडला की ठेवून द्यायची, मग जंगलात ट्रिगर दाबायच्या आधीच शरीर आक्रसतं आणि डोळे मिटतात. आम्ही याला फ्लिंच म्हणतो, क्लबला नवीन पोरं एअर रायफलवर पण करतात जिला हिसकाच नसतो. त्यामुळे .३७५ नीट मारणारा माणूस .४५८ घाबरत मारणाऱ्यापेक्षा कधीही बरा.

अजून एक म्हणजे रेड्याचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. नवीन माणूस धडाच्या मधोमध नेम धरतो आणि जनावर जरा तिरकं उभं असेल की पोटात. आणि कळपात पहिली गोळी सॉफ्ट म्हणजे आत जाऊन फुलणारी घालतात, सॉलिड नाही, कारण सॉलिड आरपार जाऊन मागच्याला पण जखमी करते, मग एक जखमी सोडून दोन.

@कासारवडवलीकर, मावसभावाला विचारा क्लायंटची रायफल कुठली आणि या वर्षात किती गोळ्या मारल्यात.

नेरुळ_पाणथळ

सगळे इतके रंगून लिहितायत म्हणून कोणीतरी बोलायला हवं. पोटात गोळी लागलेलं जनावर पाऊण तास जाळीत उभं आहे आणि बाहेर सिगारेट. हे वाचून मला थरार नाही वाटला, मळमळलं. २०१५ ला ह्वांगेचा सेसिल सिंह आठवतो ना, बाणाने जखमी केला आणि मेला कित्येक तासांनी. आपण १९७२ ला कायदा करून आणि १९९१ ला तो आणखी कडक करून हे सगळं बंद केलं आणि बरं झालं. पैसे भरले म्हणून मारण्यात पराक्रम काय आहे ते मला कोणी समजावून सांगा. आणि "मी फक्त ऑब्झर्व्हर" म्हणजे काय हो, तुमचे रोजचे पैसे पण त्याच धंद्यात जातात की.

खारघरचा_काका

@नेरुळ_पाणथळ बाई, तुमची मळमळ खोटी नाही, मलाही त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. पराक्रम वगैरे मीही म्हणणार नाही. फक्त तिथे राहून जे दिसलं ते सांगतो. दांदेला जिथे आम्ही होतो तिथे लोकवस्ती आहे, मका कापूस करतात, आणि हत्ती-रेडे रात्रीत शेत साफ करतात. तिथे कॅम्पफायर म्हणून योजना आहे १९८० च्या दशकाच्या शेवटापासूनची, शिकारीच्या फीचा वाटा गावाकडे जातो, आणि मांसही. तो रेडा पडल्यावर तासाभरात गावातून माणसं आली, पोरंटोरं, टोपल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथे शिंगं आणि रक्ताचा डाग सोडून काही नव्हतं. पैसे सगळे नीट पोचतात का तर नाही, वर खाणारे तिकडेही आहेत, गावकरी स्वतःच तक्रार करायचे माझ्याकडे.

उलट बाजू म्हणजे केनियाने १९७७ ला शिकार पूर्ण बंद केली आणि पर्यटनावर भर दिला, ते चाललंय. बोट्सवानाने २०१४ ला बंद केली आणि २०१९ ला पुन्हा उघडली, हत्तींच्या त्रासावरून गावं ओरडायला लागली म्हणून. म्हणजे तिथल्या लोकांचंच अजून एकमत नाही, तर खारघर-नेरुळमध्ये आपलं कुठून होणार.

नेरुळ_पाणथळ

वाटा गावाला जातो हे मान्य. तरी पोटातल्या गोळीचं उत्तर यात नाही काका.

खारघरचा_काका

नाहीये. बरोबर.

कोपरी_रेल्वेफॅन

थोडं अवांतर पण राहवत नाही. पायी जनावरामागे जाणं म्हटलं की मला साहेबाच्या शिकारीपेक्षा त्सावो आठवतं. १८९८, मोम्बासाहून आत युगांडा रेल्वे टाकतायत, त्सावो नदीवर पूल चाललाय, आणि मजूर हजारोंनी आपल्या देशातून नेलेले, पंजाब गुजरात कुठून कुठून. तंबूत झोपलेल्या माणसांना दोन सिंह ओढून नेत होते, आयाळ नसलेले नर. काट्यांचं कुंपण घातलं तरी आत यायचे. शेवटी काम बंद पडलं, माणसं मालगाडी अडवून पळाली. इंजिनियर पॅटरसनने डिसेंबरात दोन्ही मारले. त्याने नंतर १३५ बळी सांगितले, पण २००९ ला त्या सिंहांच्या केसांचा आणि हाडांचा अभ्यास झाला त्यात आकडा ३५ च्या आसपास निघाला. दोघं पेंढा भरून शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत.

आमच्या ठाण्याला १८५३ ला पहिली गाडी आली तेव्हा कसाऱ्याच्या पुढचं जंगल कसं असेल असं नेहमी वाटतं. आणि आता २०१९ ला बिबट्या समतानगरच्या मॉलमध्ये फिरून गेला, तोही पहाटे, सेल नसताना.

वाशी_बॅगपॅकर

मुद्द्याचं बोलूया. भाऊ, तुम्हाला पायी चालत जनावर जवळून बघायचंय की ते पडताना बघायचंय? पहिलं असेल तर शिकार लागतच नाही. त्याच चेवोरेच्या जवळ माना पूल्स नॅशनल पार्क आहे, तिथे शिकार बंद आणि पायी फिरायला परवानगी. सोबत बंदूकवाला गाइड. मी २०१८ ला गेले होते. हत्ती मागच्या दोन पायांवर उभा राहून झाडाच्या शेंगा काढतो ते तिथे, आणि आम्ही खाली बसून बघतोय, चाळीसेक पावलांवर, माझ्या मांडीवर मुंग्या चढत होत्या आणि मी हललेच नाही. झांबियात साउथ लुआंग्वा आहे, वॉकिंग सफारी मुळात तिथेच सुरू झाली, नॉर्मन कार नावाच्या माणसामुळे.

नियम सगळीकडे तेच जे काका सांगतील. एका ओळीत चालायचं, बोलायचं नाही, गाइड थांबला की थांबायचं. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. सिंह अंगावर येतो तो बऱ्याचदा नुसती हूल असते, उभं राहिलात तर थांबतो, पळालात तर तुम्ही त्याच्या दृष्टीने हरीण. हत्तीने कान पसरले, डोकं वर केलं, धूळ उडवली तर बहुतेक धमकी, कान मागे चिकटवून सोंड आत घेऊन आला तर खरं. हिप्पो आणि पाणी यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही. हूल देत नाही तो एकटा रेडा. तिथे गाइड जे झाड दाखवेल त्यावर चढायचं, माझ्या गाइडने पहिल्याच दिवशी विचारलं होतं झाडावर चढता येतं का, मला वाटलं गंमत करतोय.

तब्येतीचं: मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून जायच्या आधीच सुरू करायच्या. पिवळ्या तापाची लस ठरलेल्या सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि दहा दिवस आधी घ्यावी लागते. नैरोबी किंवा अदिसवरून फ्लाइट असेल तर घेऊन टाका, परत येताना कार्ड नसेल तर मुंबईला सहा दिवस क्वारंटाइन करू शकतात. आयुष्यात एकदाच घ्यायची आहे.

कायद्याचं विचारलंत ते, आपला १९७२ चा कायदा आपल्या हद्दीतल्या शिकारीचा, तिकडे परमिटवाल्यासोबत चाललात म्हणून इथे कोणी पकडणार नाही. पण येताना शिंग, दात, कातडं, हत्तीच्या शेपटीच्या केसाचं कडं, यातलं काही म्हणजे काही बॅगेत आणू नका. बाजारात गोड बोलून विकतात.

कासारवडवलीकर

बाप रे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू, नेरुळ ताई तुम्हालाही, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

मावसभावाला फोन केला. नेमबाज भाऊंनी सांगितलं तेच विचारलं. क्लायंटने या दौऱ्यासाठी नवी कोरी .४५८ घेतलीये आणि आतापर्यंत सहा गोळ्या मारल्यात. सहा. मावसभाऊ अभिमानाने सांगत होता.

नेमबाज_कळवा

🙏

खारघरचा_काका

तू कॅम्पवर थांब आणि चहा पी. किंवा वाशीवाल्या बाईंचं ऐक.

कासारवडवलीकर

तेच करतोय काका. मावसभावाला सांगितलं तू जा त्यांच्यासोबत, मी त्याच आठवड्यात माना पूल्सला चार दिवस, नंतर हरारेत भेटू. तो चिडला, म्हणाला घाबरलास. हो घाबरलो. आईला पण सांगून टाकलं काल, ती म्हणाली जा पण मेलेल्या जनावराशेजारी उभं राहून फोटो पाठवू नकोस, आपल्याकडे श्रावण असतो.

सप्टेंबरात श्रावण संपलेला असेल हे तिला सांगितलं नाही.

एक राहिलं, बूट कुठले घेऊ? डेकॅथलॉनचे ट्रेकिंगचे चालतील का? आणि खायला चकली वगैरे नेली तर?

खारघरचा_काका

चालतील पण आत्ताच घे आणि रोज येऊरला घालून जा, तिकडे जाऊन नवे बूट काढलेस तर दुसऱ्या दिवशी टाचा सोलून निघतील. तळ कडक आणि करकरणारा नको. चकली ने, कॅम्पवर वाट, माझ्या ट्रॅकरने अख्खा डबा संपवला होता. चालताना खिशात ठेवू नकोस, ती पिशवी वाजते.